चेहऱ्याचं विरजण

मुरूम हा मोठा वक्तशीर प्राणी आहे. त्याला आमंत्रण लागत नाही. आमंत्रण आपल्याला आलंय एवढं कळलं की तो आदल्या दिवशी हजर होतो. ओवी जगतापकडे तो पहिल्यांदा आला ती आठवीत असताना, आणि मग आपलं सगळं गणगोत घेऊन कायमचाच राहायला आला. शाळेच्या फोटोच्या दिवशी नाकावर, मुलाखतीच्या दिवशी हनुवटीवर, आणि चुलत बहिणीच्या हळदीला तर कपाळाच्या बरोबर मध्यावर, टिकलीची जागा अडवून.

घरात उपाय सांगणाऱ्यांची वानवा नव्हती. त्यात पुढे पूनम आजी. पूनम म्हटल्यावर डोळ्यांपुढे आजी उभी राहत नाही, पण त्याला इलाज नाही. काळ पुढे सरकला की पूनम, स्नेहल, प्रियांका यांच्याही आज्या होतातच. या आजीने तरुणपणी फोनमधला तोंड गुळगुळीत करणारा फिल्टर लावून आपले ढीगभर फोटो काढून ठेवले होते. आता तेच फोटो पुरावा म्हणून नातीपुढे धरून ती म्हणे, "बघ. आमच्या वेळी जायफळ उगाळून लावायचो. आहे का एक तरी डाग?"

म्हणून सहाणेवर दुधात जायफळ उगाळून झालं. मसुराची डाळ वाटून झाली. बेसन, हळद, मुलतानी माती, कडुनिंबाचा पाला, सगळं झालं. पप्पांनी कुठेतरी ऐकून टूथपेस्ट लावायला सांगितली, तीही झाली. मुरूम गेले नाहीत. उलट एवढा सकस खुराक मिळाल्यावर त्यांनी चांगलं बाळसं धरलं.

पुढे ओवी नोकरीला लागली ती तासगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या हवामान केंद्रात. पानाखालची ओल, वाऱ्याचा वेग, ढगांची चाल बघायची आणि बागायतदारांना फोनवर सांगायचं, की अण्णा, परवा पानांवर भुरीची बुरशी येणार, आज फवारून घ्या. नाना, डाऊनीचे डाग पडतील हे खरं, पण आज वारा आहे, थांबा. द्राक्षाच्या अंगावर एक डाग पडू द्यायचा नाही हे तिचं काम. आजीला हा विनोद वर्षभर पुरला. "त्या द्राक्षांना एवढं औषध सांगतेस, त्यातलंच थोडं तोंडाला मार की!"

आपल्याकडच्या मुली स्कूटरवर बसताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. धुळीसाठी, उन्हासाठी, असं सांगतात. ओवी मुरमांसाठी गुंडाळायची, आणि स्कूटरवरून उतरल्यावरही सोडत नसे. केंद्रात स्कार्फ, बागेत स्कार्फ, मैत्रबन सोसायटीच्या लिफ्टमध्येही स्कार्फ. सोसायटीतले लोक तिला आवाजावरून ओळखत.

त्या आवाजावरच समर निकम भाळला होता. हा विट्याचा मुलगा. वर्षापूर्वी आई-वडिलांबरोबर मैत्रबनच्या बी-विंगमध्ये राहायला आला. ड्रोनने फवारणी करून देणं हा त्याचा धंदा, त्यामुळे वारा किती आणि ओल किती हे विचारायला रोज ओवीला फोन. आधी वाऱ्याचं बोलणं पाच वाक्यांत संपे. मग वारा एका वाक्यात संपायला लागला आणि बाकीचं बोलणं लांबलं. बागेच्या बांधावर दोघं भेटत तेव्हा त्याला दिसत ते तिचे फक्त डोळे. पण डोळ्यांवरही माणसाचं बरंच भागतं.

डाळिंबाच्या हंगामासाठी आटपाडीकडे निघताना तो म्हणाला, "दसऱ्याला येतो. मग विट्याच्या रस्त्यावर भजी खायला जाऊ. मला तुझ्याशी बोलायचंय."

"आत्ता बोल की."

"कापडाशी काय बोलू?" समर म्हणाला. "स्कार्फ सोडून ये, मग बोलतो."

ओवीने त्याच संध्याकाळी पुण्याच्या मामाला फोन केला. मामा नव्या वस्तूंचा शौकीन. चार दिवसांत त्याने कांतिपेटी पाठवून दिली.

ही पेटी तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. दिसायला इडलीपात्राएवढी, पांढरी, वर एक हिरवा दिवा. तिच्यातलं शास्त्र तसं सरळ होतं. आपल्या कातडीवर कोट्यवधी जंतू राहतात आणि बहुतेक सगळे सभ्य असतात. कातडीची बारीक छिद्रं म्हणजे त्यांच्या खोल्या. प्रत्येक खोलीत तेल पाझरतं, ते खाऊन त्यांचं चालतं. मुरमाबद्दल ज्या जंतूला आपण शिव्या देतो, तोसुद्धा मुळात गुन्हेगार नव्हे. त्याच्यात जाती आहेत. काही शांत, तेल खाऊन निपचित पडून राहणाऱ्या. काही भांडखोर. छिद्र बुजलं, आत तेल साठलं, की या भांडखोरांना माज चढतो, शरीर चिडून त्यांच्यावर चालून जातं, आणि त्या लढाईत जी जागा लाल होऊन सुजते तिला आपण मुरूम म्हणतो. तोवरची औषधं काय करत, तर एका गुंडासाठी अख्खी चाळ पाडत. गुंड मरे, सज्जनही मरत, आणि रिकाम्या चाळीत पहिल्यांदा परत येई तो गुंडच.

कांतिपेटीने रीत बदलली. कापसाची काडी आपल्याच कपाळावर फिरवून पेटीत घालायची. पेटी आतले सगळे भाडेकरू तपासून त्यांतला सगळ्यात शांत निवडे, त्याच्या जनुकांत एवढासा फेरफार करी, म्हणजे तो तेल भराभर खाई आणि भांडखोरांना जागाच ठेवत नसे. मग त्याची जेली तयार. रोज संध्याकाळी चमचाभर तोंडाला लावायची. तळाला थोडी उरली की तिच्यात खुराकाची पुडी आणि कोमट पाणी घालून झाकण लावायचं. सकाळी परत पेटीभर जेली.

पूनम आजी चष्मा लावून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अगं, हे तर विरजणच की!"

तसं ते होतंच. एवढंच की पेटीबरोबरच्या पुस्तिकेत लाल अक्षरांत छापलं होतं: ही जेली ज्याची त्यानेच वापरावी, दुसऱ्यास देऊ नये. ओवीने ते वाचलं होतं. आजीने पुस्तिका ओट्यावर फोडणीच्या डब्याखाली घातली, डाग पडू नये म्हणून.

पंधरा दिवसांत ओवीचा चेहरा असा झाला की मम्मीने दार उघडून विचारलं, "कोण हवंय?" नुसते मुरूम गेले असं नव्हे, त्यांचे डागही निघाले. ती लिफ्टमध्ये स्कार्फ सोडून उभी राहिली तेव्हा सोसायटीला कळलं की या आवाजाला नाक, गाल आणि एक खळीसुद्धा आहे.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात बी-विंगच्या अश्विनीकाकू, समरची आई. हातात स्टीलची वाटी.

"पूनममावशी, जरा विरजण द्या की."

"दह्याचं का तोंडाचं?"

"तोंडाचं हो. आम्ही दही विकतच आणतो."

ओवी पुढे झाली. "काकू, त्या पुस्तिकेत लिहिलंय, की दुसऱ्याला..."

आजीने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "विरजणाला नाही म्हणतात का कधी? घरातलं दही लागत नाही मग."

"आजी, हे दही नाहीये. हे माझ्या कपाळावरचे जंतू आहेत."

"मग तुझ्या कपाळावरचं त्यांच्या घरी गेलं तर तुलाच बरं. उद्या तिथंच जायचंय ना?"

"कोण म्हणालं?"

"फोनवर बोलायला गॅलरीत येतेस. माझे गुडघे गेलेत, कान नाही."

ओवीने दोन क्षण विचार केला. समोर लाल अक्षरं होती, आणि दारात होणारी सासू वाटी घेऊन उभी होती. जगात अजून असं शास्त्र निघायचंय की जे अशा वेळी लाल अक्षरांची बाजू घेईल. तिने स्वतःच्या हाताने वाटी काठोकाठ भरून दिली.

"समरला पण डबीतून पाठवते," अश्विनीकाकू म्हणाल्या. "उन्हात फिरून पाठीला नुसतं घामोळं आलंय पोराच्या."

एका घरी गेलेलं विरजण तिथंच थांबत नाही. अश्विनीकाकूंनी ते भिशीला नेलं. भिशीतून ते माळी गल्लीत गेलं, तिथून बेदाण्याच्या शेडवर, शेडवरून बायकांच्या डब्यांतून आसपासच्या वाड्यांवर. लोक आधी तोंडाला लावत. मग पाठीला, काखेला, पोरांच्या घामोळ्यांना. पूनम आजीने गुडघ्यांनाही लावलं. फरक पडला नाही, पण गुडघे लकाकायला लागले. मामाने पाठवलेली ती एकच पेटी, आणि दसऱ्याच्या सुमाराला अख्ख्या तासगावात मुरूम औषधालाही सापडेना.

आणि मग लहानसहान गोष्टी घडायला लागल्या.

मैत्रबनच्या दारात एक तांबडा कुत्रा असे. येणाऱ्या प्रत्येकाला अडवून तो आपल्या भाषेत 'कुठं चाललात? कुणाकडे?' असं खडसावी, म्हणून लोक त्याला सचिव म्हणत. सोसायटीचे खरे सचिव माने सर यांना हे आवडत नसे, पण दोघांत कामसू कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा सचिव भुंकायचा थांबला. भाजीवाला येवो, कुरियरवाला येवो, तो नुसता शेपूट हलवी. एकदा एक भुरटा चोर शिरला, त्याच्याही पायाशी सचिव लोळला. आणि गंमत अशी की चोराने चपला उचलल्या खऱ्या, पण जिन्यातच बसकण मारून रखवालदाराकडे पाणी मागितलं. म्हणाला, काय की, आपल्याच घरात चोरी केल्यासारखं वाटतंय.

गाड्या लावण्यावरून होणारी भांडणं बंद झाली. शेजारीपाजारी न विचारता एकमेकांच्या फ्रिजमधलं खायला लागले. जावयांचे मात्र हाल झाले. येणार म्हटलं की ज्यांच्यासाठी श्रीखंड घोटलं जायचं, त्यांच्या हातात सासवा आल्या आल्या दळणाचा डबा द्यायला लागल्या. नवी नवरा-बायको खिडकीकडची जागा कुणाची यावरून एकमेकांना चिमटे काढायला लागली. आणि मुली बघायला येणारी गावातली मुलं पोहे खाऊन, हात पुसून सांगायला लागली, की मुलगी चांगली आहे हो, पण तसं काही वाटत नाही.

हे सगळं ओवीच्या कानावर होतं. ती मनावर घेत नव्हती. तिचं मन दसऱ्याकडे लागलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी समर आला. विट्याच्या रस्त्यावरच्या गाड्यावर दोघं बाकड्यावर बसली. ओवीने स्कार्फ सोडला. समरने तिच्याकडे नीट बघितलं.

"छान आहेस की," तो म्हणाला. ज्या सुरात माणूस धाकट्या बहिणीचा नवा ड्रेस बघून म्हणतो, त्या सुरात.

ओवीला राग यायला हवा होता. पण तिलाही काही होत नव्हतं. इतके महिने ज्याचा फोन आला की जेवायची शुद्ध राहत नसे, तो माणूस वीतभर अंतरावर बसला होता आणि पोटात फक्त भूक होती. तिने त्याच्या प्लेटमधलं शेवटचं कांदाभजी उचललं. त्याने ते हिसकावून घेतलं. तिने त्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "आंघोळ तरी करून यायचंस, गबाळ्या."

"तुला काहीतरी बोलायचं होतं ना?" तिनेच आठवण करून दिली.

समर डोकं खाजवायला लागला. "होतं गं. रस्त्यात पाठ करत आलो. आता बोलायला गेलं की... हसू नकोस. मला बहीण नाही. पण असती तर अशीच असती असं वाटतंय."

ओवी म्हणाली, "मलाही तसंच वाटतंय." आणि दोघांनी आणखी एक प्लेट मागवली.

घरी आल्यावर त्याचा फोन आला. "पोचलीस?" एवढंच तो म्हणाला, आणि ओवी वाढलेलं ताट सोडून गॅलरीत धावली. मग समर हळूच म्हणाला, "मला परत तसंच वाटायला लागलं. हे काय आहे?"

फोनवर एक आणि समोर दुसरंच. आठवडाभर त्यांनी नाना तऱ्हेने करून पाहिलं. गॅलरीतून गॅलरीत बोललं तर थोडं थोडं वाटे. जिन्यात भेटलं की मारामारी. एकदा तर ओवीने त्याला पाठीत धपाटा घातला, आणि तो खरंच "आई, बघ ना ही!" असं ओरडला.

आई बघतच होती. अश्विनीकाकूंना ही माया इतकी आवडली की त्यांनी जाहीर करून टाकलं, "भाऊबीजेला ओवी समरला ओवाळणार. पोराला बहिणीची हौस होतीच."

आता ओवाळणं ही गोष्ट बाहेरच्या माणसाला साधी वाटेल. एक ताट, एक निरांजन, दोन सुपाऱ्या. पण एकदा ओवाळलं की ते ओवाळलं. मग त्या माणसाशी दुसरं नातं जोडायची वाट आपल्याकडे कायमची बंद. ओवीला ते कळत होतं. त्याहून भीती वाटत होती ती याची, की समर शेजारी असला की आपल्याला त्याचं काहीच वाटणार नाही. आपण हसत हसत ताट धरू आणि नंतर फोनवर रडू.

तेवढ्यात पुण्याहून डॉ. हुमेरा मुजावर आल्या. कांतिपेटीवर संशोधन करणाऱ्यांपैकी त्या एक. गावात पेटी एकच आणि गुळगुळीत चेहरे हजारो, हा हिशेब त्यांना छळत होता. त्या फाटकातून आत आल्या आणि सचिव उठला. कान टवकारले, पाठीवरचे केस उभे राहिले, आणि तो असा भुंकला की अख्खी सोसायटी गॅलरीत आली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच भुंकत होता.

"या कुत्र्याला सगळं कळलंय," बाई म्हणाल्या. "मला आता तुम्हाला सांगावं लागेल."

पार्किंगमध्ये सतरंज्या टाकून सभा भरली. ओवी पुढे बसली, समर मागे खांबाला टेकून.

डॉ. मुजावर म्हणाल्या, "घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. कातडीवरचे जंतू घाम आणि तेल खातात, त्यातून वास तयार होतो. ज्याचे जंतू वेगळे, त्याचा वास वेगळा. एका घरातल्या माणसांचे जंतू थोडे सारखे असतात, म्हणून वासही थोडा सारखा. आपल्याला तो वास आला हे कळतसुद्धा नाही, पण डोक्यात खोल कुठेतरी नोंद होते: हा घरचा, हा परका. घरच्या माणसाशी आपण भांडतो, त्याचं उचलून खातो, त्याच्यासाठी धावतो. फक्त त्याच्या प्रेमात पडत नाही. निसर्गाने तेवढं दार लावून घेतलंय, आणि बरं केलंय."

"मग?" माने सरांनी विचारलं.

"मग काय? तुम्ही सगळ्यांनी एकाच कपाळावरचे जंतू अंगाला फासलेत. आम्ही बदललेला जंतू इतरांना जागा ठेवत नाही, त्यामुळे तुमचे मूळचे वास दबून गेले. तुमच्या नाकांच्या मते या गावात सध्या एकच कुटुंब आहे. पुस्तिकेत लाल अक्षरांत छापलं होतं. जगभर कुठेही कुणी दुसऱ्याला दिलं नाही. लोकांना किळस येते हो! हे विरजण आहे असं तुम्हालाच कसं सुचलं?"

सगळ्यांनी पूनम आजीकडे बघितलं. आजीने पदराने गुडघे झाकले.

"यावर उपाय?" हे ओवीने विचारलं.

"सोपा आहे. जेली बंद करायची आणि मी देते त्या पाण्याने आठवडाभर धुवायचं. खुराक तुटला की हा जंतू जातो. मग छिद्रांच्या तळाशी दबून बसलेले जुने भाडेकरू वर येतात."

"सगळे?"

"सगळे. भांडखोरसुद्धा. पेटीत परत स्वतःची जेली करता येईल, पण आधी वर्षभर जुनी वस्ती नीट बसायला हवी. तोवर मुरूम येणार."

सभेत चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, भांडणं नाहीत, चोऱ्या नाहीत, तोंडं स्वच्छ, मग बिघडलं कुठं? आजी म्हणाली, वासासाठी कुणी तोंड खराब करून घेतं का? माने सरांनी ठराव मांडला, की आहे तसंच चालू द्यावं. एकमताने मंजूर झाला. घरातलीच माणसं, विरोध कोण करणार?

सभा उठल्यावर ओवी बाईंपाशी गेली. "एकाच माणसाने धुतलं तर?"

"तर त्याचा वास बाकीच्यांना परका वाटेल."

"आणि मग... दुसऱ्याला पुन्हा तसं वाटेल?"

डॉ. मुजावर तिच्याकडे बघून किंचित हसल्या. "दार उघडेल एवढं सांगते. त्यातून कोण आत येईल हा माझा विषय नाही."

ओवीने बाटली घेतली. तीन रात्री ती कपाटात ठेवली. कपाटाच्या दाराला आरसा होता आणि आरशात आयुष्यात पहिल्यांदा बघण्यासारखं काही होतं. त्या खळीला सोडून देणं सोपं नव्हतं. आणि समोर काय होतं, तर एक आवाज. तोही फोनवरचा. चौथ्या दिवशी अश्विनीकाकू भाऊबीजेचा मेनू विचारायला आल्या. बासुंदी का गुलाबजाम? ओवी "काहीही चालेल" म्हणाली, न्हाणीघरात गेली आणि तोंड धुतलं.

समरला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने भाऊ म्हणून कौतुक केलं असतं आणि ते तिला सोसलं नसतं. त्याचे फोन येत ते तिने घेणं बंद केलं.

पहिला मुरूम धनत्रयोदशीला आला, हनुवटीवर, पणतीसारखा. लक्ष्मीपूजनाला गालांवर रोषणाई झाली. स्कार्फ परत आला. पाडव्याला ती खाली उतरली तेव्हा सचिव उठला, तिच्या जवळ आला, हुंगलं, आणि चार पावलं मागे जाऊन भुंकायला लागला. पिल्लू असल्यापासून तिच्या हातचं खाल्लेला कुत्रा. जुना वास तो विसरला होता, की सगळ्या गावाचा वास एक झाल्यावर वेगळा वास हाच गुन्हा ठरत होता, कोण जाणे. ओवीला वाईट वाटलं, आणि आतून थोडं बरंही वाटलं. घरी आजी जेवायला तिच्याशेजारी न बसता समोर बसली आणि "घे ना, लाजू नकोस" म्हणाली.

भाऊबीजेला मैत्रबनमधली सगळी दारं उघडी होती. गावच एक कुटुंब झाल्यामुळे प्रत्येक बाईला ओवाळायला डझनावारी भाऊ होते, आणि जिन्यांतून ताटांची नुसती ये-जा चालली होती. ओवी मात्र आपल्या खोलीत स्कार्फ बांधून बसली होती. बी-विंगमधून दोनदा निरोप आला. पूनम आजी तिसऱ्यांदा दारात आली.

"अगं चल की. पाट मांडून बसलीत तिकडं."

"माझं डोकं दुखतंय."

"ओवाळायला डोकं कशाला लागतं?"

तेवढ्यात खाली सचिव भुंकला.

ओवीने कान दिला. आपण तर इथं आहोत. पाहुणे सगळे विरजण लावलेले. मग हा कुणावर भुंकतोय? कुत्रा थांबत नव्हता. भुंकणं फाटकाकडून नव्हे, बी-विंगकडून येत होतं, पार्किंगमधून इकडे सरकत होतं, जिन्याच्या तोंडाशी आलं. ती गॅलरीत गेली तोवर तो माणूस आत शिरला होता. सचिव पायरीवर उभा राहून वरच्या दिशेने नरडं फोडत होता.

बेल वाजायची गरज नव्हती, दार उघडंच होतं. समर आत आला. नाकाच्या शेंड्यावर एक टपोरा, लालबुंद मुरूम. कपाळावर आणखी दोन-तीन. हातात स्टीलची वाटी. तीच, जी ओवीने काठोकाठ भरून दिली होती.

"तुमच्या विरजणाची फेड करायची राहिली होती," तो म्हणाला. "रिकाम्या हाताने येऊ नये म्हणतात."

त्याच्याबरोबर खोलीत एक वास आला. उन्हाचा, फवाऱ्याच्या रबरी नळीचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, ज्याला नाव नव्हतं. ओवीच्या पोटातली भूक एकदम मेली.

वाटीत दोन जायफळं होती.

"एक तुझं, एक माझं," समर म्हणाला. "सहाण मात्र तुमचीच लागेल. आमच्याकडं नाही."

"तू कधी धुतलंस?"

"सभेच्याच दिवशी. बाईंकडून बाटली तुझ्या आधी घेतली मी. तुला सांगणार होतो, तर तू फोन घेईनास. मग मुरूम आल्यावर मी खाली उतरलोच नाही."

ओवीने स्कार्फ सोडला. समरने हनुवटीपासून कपाळापर्यंत सगळं नीट बघितलं, बागेतली पानं उलटून बघतात तसं.

"भुरी का डाऊनी?" त्याने विचारलं.

"स्वतःच्या नाकावर आधी फवार जा," ओवी म्हणाली. वाटी घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि तिथंच राहिली. कॉलर वाकडी होती. ती सरळ करायचा तिला धीर झाला नाही.

पूनम आजी आळीपाळीने दोघांकडे बघत होती. तिला ती दोघंही ओळखीची दिसत होती आणि वाटत मात्र नव्हती. "अरे, पण ताट तयार आहे तिकडं," ती म्हणाली. "ओवाळायचं काय?"

"आजी," ओवी म्हणाली, "परक्या माणसाला कुठं ओवाळतात का?"

आजी यावर काहीतरी बोलणार होती. पण तिने वाटीत डोकावून पाहिलं, जायफळं बघितली, आणि आपण इतकी वर्षं सांगत होतो ते अखेर कुणीतरी ऐकलं, अशा समाधानाने ती सहाण शोधायला आत गेली.

खाली सचिव अजून भुंकत होता. त्याचं काम तो चोख करत होता. त्या दिवशी अख्ख्या मैत्रबनमध्ये एकमेकांना परकी अशी तेवढी दोनच माणसं होती.